निळ्या पेन्सिलीच्या चार ओळी

जामबाग, हैदराबाद
७ जुलै २०२५

प्रिय मृणू,

मेसेज केला की तू वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. पाच महिने मी त्या खुणा बघते आहे. म्हणून कागद घेतला. कागदाचं निदान तू वाचलास की नाही हे मला कळणार नाही, तेवढीच सुटका.

मराठी वाचताना तुला ओळीखाली बोट ठेवावं लागतं, ते मला आठवतं. मी सुटंसुटं लिहिते. हळू वाच.

काल पहिला रविवार होता. तू बंगळुरूला गेलीस तरी आपलं मंडळ तसंच चाललं आहे. शाळेच्या वरच्या मजल्यावरचा तोच वर्ग, तेच आठवीचे बाक, ज्यांत रंजनाताईंचे गुडघे अडकतात. बेगम बाजारातून आणलेला पोह्यांचा डबाही तोच. प्रत्येकानं हल्ली पाहिलेल्या एका सिनेमावर चार ओळी लिहायच्या, नाव घालायचं नाही, चिठ्ठी डब्यात टाकायची. सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला हवा आणि खोटं लिहायचं नाही. या दोन नियमांवर सोळा वर्षं निघाली.

कालच्या तुला आवडतील अशा:

"हिरो तीनशे माणसं मारतो. तीन तासांत आईला एक फोन करत नाही."

"मल्याळी. पाऊस. कुणी कुणाशी बोलत नाही. घरी आल्यावर पंधरा मिनिटं मला वाटत होतं, सिनेमा चालूच आहे."

"मराठी. सासू स्वभावानं चांगली आहे, त्यामुळे मध्यंतरानंतर कुणाला काही काम उरत नाही."

चिठ्ठ्या आता हर्षद वाचतो. पुण्याहून कंपनीच्या कामाला आला तो इथलाच झाला, पण प्रत्येक चिठ्ठीवर स्वतःचं मत देण्याची सवय गेली नाही. रंजनाताई म्हणाल्या, "हर्षद, वाचायला ठेवलंय तुला, जज्ज नाही केलं." तो म्हणाला, "हौ, मॅडम." त्याचं हौ अजून पुणेरीच वाटतं.

नामदेव आजोबा आले नव्हते. फेब्रुवारीनंतर आलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. मी विचारपूस करीन.

तू त्यांना फोन केला होतास का मधे? सहज विचारते.

आई


१६ जुलै

प्रिय मृणू,

गुडघे नाहीत. छाती आहे.

काल मी कोठी भागात त्यांच्या घरी गेले. दार उघडायला त्यांना इतका वेळ लागला की मी दोनदा परत फिरले. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. ऑपरेशन पाच ऑगस्टला, मंगळवारी सकाळी. त्यांच्या मुलाचं, मंदारदादाचं, विमान त्या दिवशी संध्याकाळी पोचतं, म्हणून सकाळी मी थांबणार आहे. ते स्वतः हे सगळं असं सांगत होते, जसं शाळेचं वेळापत्रक.

"पोट्टी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. जाहिराती करते."

"कशाच्या?"

"बिस्किटांच्या."

"बिस्कीट चांगलं दिसायला हुशार माणूस लागतो," ते म्हणाले. "पण तिनं बिस्किटं करू नयेत, रेणू."

टेबलावर त्यांची ती लाल-निळी पेन्सिल होती. बत्तीस वर्षं त्या पेन्सिलीनं पेपर तपासले. निवृत्त झाल्यावर लाल टोक ठेवून दिलं आणि मंडळाच्या चिठ्ठ्या निळ्यानं लिहायला लागले. नाव नसलं तरी आजोबांची चिठ्ठी कुठली ते सगळ्यांना कळायचं. आपण न कळल्यासारखं करायचो.

फेब्रुवारीत तुलाही कळलं. तुझी चौदा मिनिटांची फिल्म वर्गात दाखवली, मग डबा फिरला, चिठ्ठ्या तेव्हा तेच वाचायचे, आणि त्यांनी ती घडी उलगडली तेव्हा तुला लांबूनच निळी अक्षरं दिसली. मी तुझ्याकडेच बघत होते. त्यांनी वाचलं:

"दिग्दर्शिकेला कॅमेरा कळतो, माणसं कळत नाहीत.
नवरा दवाखान्यात असताना कुठलीही बाई सिनेमाला जाऊन बसत नाही.
आणि हसत तर मुळीच नाही.
हे खोटं आहे."

तू उठलीस. "आजोबा, आठ वर्षांची असल्यापासून तुमच्या शेजारी बसून सिनेमे बघितले मी. तोंडावर सांगायचं ना. तुम्ही आयुष्यात एक तरी फ्रेम बनवली का?" त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, परत उघडली, परत घातली. तिसऱ्या दिवशी तू सामान भरलंस.

काल ते म्हणाले, "ती बोलली ते बरोबरच होतं. मी नुसत्या दुसऱ्यांच्या पेपरांवर खुणा केल्या."

मृणू, पाच तारखेच्या आधी त्यांना एक फोन कर. म्हातारा माणूस आहे. एखाद्या क्षणी लिहून गेले असतील. माणूस चुकतो. तू मोठ्या मनानं सोडून दे.

आई


१९ जुलै

मृणू,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. पोस्टातला माणूस पेटी उघडायला आला तेव्हा त्याला विचारलं, एक पत्र परत मिळेल का. तो म्हणाला, "अम्मा, अंदर गया तो गया." मी त्याला काहीतरी पत्त्याचं कारण सांगितलं. हल्ली मी न विचारलेली कारणंही सांगते.

"माणूस चुकतो, सोडून दे" असं मी लिहिलं. ते परत घ्यायचं होतं.

ती चिठ्ठी आजोबांची नव्हती.

जुन्या चिठ्ठ्यांची फाइल माझ्याकडे असते. आज काढून बघितली. फेब्रुवारीची त्यांची चिठ्ठी साध्या काळ्या बॉलपेनची आहे. त्यांचा 'ल' मला ओळखता येतो. तीही वाचली होती त्यांनी, शेवटून दुसरी, पण तोवर तू वर्गात नव्हतीस. ही बघ:

"बाई हसते तेव्हा मी चष्मा काढून पुसला.
इतकं कुणी कुणाला समजून घेतलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.
एक गुण कापतो, कारण फार लवकर संपली.
चौदा मिनिटं कमी आहेत."

निळी चिठ्ठी कुणाची ते लिहायला आज बसले होते. दुधाचा गॅस बंद केला. कपडे आत घेतले. शेजारच्या त्रिवेणीच्या कुंड्यांना पाणी घातलं, ती घरात असताना. आता टपालाची वेळ झाली.

एवढंच आज जातं.

आई


२५ जुलै

मृणू,

ती मी लिहिली.

त्या दिवशी माझं पेन चालेना. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढून दिली आणि स्वतः हर्षदचं पेन मागून घेतलं. मी आधी लाल टोक टेकवलं होतं. मग वाटलं, लाल म्हणजे नापास, आणि पेन्सिल फिरवली. एवढाच काय तो मी तुझ्यावर उपकार केला. निळ्या अक्षरांवरून आळ कुणावर जाईल हे लिहिताना माझ्या डोक्यात नव्हतं. तू उठून बोलायला लागलीस तेव्हा होतं. तेव्हा मी बाकावरून उठू शकत होते. आठवीचा बाक आहे, अडचण होते, पण उठता येतं.

आता का लिहिली ते.

बाबा एकेचाळीस दिवस दवाखान्यात होते. शेवटच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं, ते कोठीतच मिळायचं. तू शाळेत होतीस. नामदेव आजोबा तपासायचे पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "मी बसतो. तू जाऊन ये, हल्लू ये, घाई नको." इंजेक्शन पहिल्याच दुकानात मिळालं. थर्माकोलच्या डबीत, बर्फ घालून. पावणेअकरा वाजले होते. समोर थिएटर होतं.

मी तिकीट काढलं, मृणू. कसला सिनेमा आहे तेही बघितलं नाही. एकेचाळीस दिवस प्रत्येक माणूस मला काहीतरी विचारत होता: जेवले का, झोपले का, रिपोर्ट आला का, पुढे काय. जिथे कुणी काही विचारणार नाही अशी एक खुर्ची मला पाहिजे होती. दहा मिनिटं, असं ठरवलं होतं. पण पडद्यावर एक जाडा माणूस छत्री मिटायला बघत होता आणि ती मिटेना. मी हसायला लागले. पोट दुखेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. मध्यंतरातही उठले नाही.

मग पर्समध्ये हात घातला. अकरा मिस्ड कॉल. सगळे आजोबांचे.

मी पोचले तेव्हा बाबांच्या नाकातली नळी काढलेली होती.

मी म्हणाले, "इंजेक्शन मिळेना, चार दुकानं फिरले." आजोबांनी माझ्या हातातली डबी घेतली, वरचं बिल काढलं, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं. बिलावर वेळ छापलेली असते, हे मला कितीतरी महिन्यांनी सुचलं. त्यांनी कधी काही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते की त्या इंजेक्शननं काही झालं नसतं. मी ते वाक्य आठ वर्षं जवळ ठेवलं आहे. त्याचा उपयोग होत नाही.

आणि फेब्रुवारीत तुझ्या फिल्ममध्ये एक बाई अंधारात बसली. तिच्या मांडीवर थर्माकोलची डबी होती. मृणू, माझी मांडी गार पडली. मग ती बाई हसायला लागली, आणि मला वाटलं, आता दिवे लागतील आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघेल. कुणी बघणार नव्हतं. तिथे सिनेमाचं ते आपल्या दोघींनाच माहीत होतं. पण माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी लिहिलं, हे खोटं आहे.

तुला कसं कळलं मला माहीत नाही. कधीपासून माहीत आहे, तेही नाही. इतकी वर्षं तू माझ्या ताटासमोर बसून जेवलीस आणि तुला ठाऊक होतं, हा विचार आला की मला घास गिळवत नाही.

माझ्याशी बोलू नकोस, हवं तर. पाच तारखेच्या आधी त्यांच्याशी बोल. ते विनाकारण वाईट ठरून ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार आहेत.

आई


३ ऑगस्ट

मृणू,

मागचं पत्र रजिस्टरनं पाठवलं होतं, ते पोचून चार दिवस तरी झाले असतील. मी पोस्टाच्या साइटवर नंबर घालून बघते. "वितरित" असं दाखवतं. रोज दाखवतं.

आज रविवार. डबा फिरायच्या आधी मी उठले. म्हणाले, फेब्रुवारीतली निळ्या पेन्सिलीची चिठ्ठी माझी होती आणि तिच्यात मी खोटं लिहिलं होतं. मग बाकीचंही सांगितलं. दवाखाना, अकराचा खेळ, छत्री.

हर्षदनं डबा उचलला आणि परत खाली ठेवला. रंजनाताई म्हणाल्या, "मग सहा महिने गुरुजींना..." आणि थांबल्या. मग त्याच म्हणाल्या, "सासरे अत्यवस्थ होते तेव्हा मी बाजारात जाऊन कोपरापर्यंत बांगड्या भरून आले होते. हिरव्या. घराच्या जिन्यावर सगळ्या काढल्या." कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग हर्षद म्हणाला, "चला, डबा घ्या," आणि पहिली चिठ्ठी स्वतःची टाकली.

तिथून मी कोठीत गेले. आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. पेन्सिल मीच दिली होती. नळ्या बंद आहेत, डोकं नाही."

"मग बोलला का नाहीत, गुरुजी? मृणूला तरी?"

"पोरीला मास्तरवरचा राग परवडतो," ते म्हणाले. "आईवरचा नाही परवडत. घरी कुठल्या यायचं मग?"

मी त्यांच्या दवाखान्याच्या पिशवीत टॉवेल भरला, काढला, परत भरला.

निघताना त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "आत नेऊ देत नाहीत. सांभाळ." मला ते बोलणं आवडलं नाही. मी म्हटलं, परवा परत घ्या. ते म्हणाले, बघू.

तुझा फोन आला का, हे त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. आला असता तर त्यांनी सांगितलं असतं.

हे पत्र वेळेत पोचणार नाही. तरी लिहिते. साडेसातला आत नेणार आहेत.

आई


५ ऑगस्ट, मध्यंतर

मृणू,

हे हातात देईन. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीकडून कागद मागून घेतला आणि पेन्सिल त्यांचीच आहे, म्हणून अक्षर असं.

तू आलीस तेव्हा पावणेसात वाजले होते. पाठीवर सॅक, रात्रभराच्या बसनं केस उभे. माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ त्यांच्या पलंगाशी गेलीस.

"आजोबा, पेन्सिल काय कुणालाही देता?"

"कुणालाही नाही. तुझ्या आईला."

"आणि बोलणी तुम्ही खायची?"

"सवय आहे. बत्तीस वर्षं आठवी शिकवली."

तू त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस तेव्हा नर्स रागावली, की आत्ताच सगळं पुसून स्वच्छ केलं आहे. ते म्हणाले, "सिस्टर, लाइट लो, एवढं काय त्यात." मग आपल्या दोघींकडे बघून म्हणाले, "शुद्धीवर आलो की मला ताज्या चार ओळी पाहिजेत. शिळ्या चालणार नाहीत." दार मिटलं.

मधे एक खुर्ची सोडून बसलीस. मी मोजत होते: तुझ्या बुटांची भोकं, फरशीचे चौकोन. नऊ वाजता तू बोललीस, समोर बघत.

"त्या दिवशी रुमाल शोधायला तुझी पर्स उघडली. तिकीट होतं. तारीख, वेळ, सगळं. आणि डबी आजोबांच्या हातात बघितली होती."

मी हो म्हटलं.

"मला राग नव्हता आला. चौदा वर्षांची होते, मला वाटलं, बरं झालं. बाबा गेले त्या दिवशी घरातलं कुणीतरी दोन तास बरं होतं." मग म्हणालीस, "हसली असशील का ते माहीत नव्हतं. ते मी माझ्याकडून घातलं. तू हसायला पाहिजे होतीस, असं वाटलं मला."

मी तुला छत्रीचं परत सांगायला लागले. तू म्हणालीस, "वाचलं. तीन वेळा वाचलं. बोट ठेवून." मग मधल्या खुर्चीवरची सॅक खाली ठेवलीस.

सव्वादहाला म्हणालीस, "जा."

"कुठे?"

"आजोबांना चार ओळी पाहिजेत. समोर अकराचा खेळ आहे. डॉक्टर म्हणाले अजून दोन-तीन तास. मी बसते."

"नको, मृणू."

"आई, मी बसते."

"आणि काही झालं तर?"

"फोन करीन. तू उचलशील."

म्हणून मी इथे आहे. फोन पर्समध्ये नाही, डाव्या हातात आहे, आवाज पूर्ण मोठा, शेजारच्या अंकलनी दोनदा बघितलं. पहिल्या अर्ध्या भागात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एक बहीण आहे, एक ट्रक आहे. दर दोन मिनिटांनी मी फोन उलटा करून बघते. तुझ्याही हातात असाच असेल. अकरा मिस्ड कॉल करणारा माणूस रस्त्याच्या पलीकडे टेबलावर झोपला आहे आणि मी परत खुर्चीत बसले आहे, हे मला सहन होत नाही. तीनदा उठले. तिसऱ्यांदा दारापर्यंत गेले. तू "मी बसते" म्हणालीस ते आठवलं आणि परत आले.

मध्यंतर संपलं, दिवे गेले. आता अंधारात लिहिते, ओळी एकमेकींवर चढल्या असतील.

वाजला. तुझा मेसेज:

"आजोबांना बाहेर आणलं.
डॉक्टर म्हणाले ठीक आहेत.
तू उठू नको.
शेवटपर्यंत बघ."

पडद्यावर बहीण ट्रकला टेकून रडते आहे, सगळं थिएटर गप्प आहे, आणि मी हसते आहे. अंकल पूर्ण वळून बघतायत. बघू देत. माझं तिकीट आहे.

आई